वानेरा, बाळंक्या, शेवेरा आणि भुजंग

मुखेड मागं टाकून जळकोटच्या अंगानं निघालं की मधी एक ओढा लागतो. ओढ्याच्या अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं लातूर. माणसाला ही हद्द तहसीलचं काम निघालं की आठवते. जनावरं मात्र ती रोज पाळतात. अलीकडच्या दावणीला लाल कंधारी, विटेच्या रंगाची, बुटकी, कामाला वाघ. पलीकडच्या दावणीला देवणी, पांढरी-काळी, लोंबत्या कानाची, दूध देणारी आणि औतालाही चालणारी. ओढ्याच्या बरोबर पलीकडच्या काठावर धोंडवाडी आहे आणि धोंडवाडीत भुजंग आहे. धोंडवाडी नसती तरी कुणाचं काही अडलं नसतं. भुजंग नसता तर बरंच झालं असतं, असं त्याच्या घरचीच माणसं म्हणतात.

भुजंगला जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, बायको कामाची आहे. म्हणजे माणसानं बिघडावं एवढी सवड आहे. दारू, पत्ते, राजकारण यातलं काहीच त्यानं धरलं नाही. त्यानं जात धरली, तीही जनावरांची. जगात जे जे उगवतं, चरतं, रांगतं, त्याला कुठल्या तरी कप्प्यात कोंबल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मोठे कप्पे दोनच, असली आणि गावठी. असलीच्या कप्प्यात देवणी आणि देवणीच्या पोटात पुन्हा तीन कप्पे. अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं, तो वानेरा. अंग पांढरं आणि फक्त पोटाच्या खालच्या अंगाला काळे ठिपके, तो बाळंक्या. कुणी शाई झटकल्यासारखे अंगभर वेडेवाकडे ठिपके, तो शेवेरा. आता हे तिन्ही एकाच देवणीचे रंग, हे शेण काढणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे. पण भुजंगच्या राज्यात वानेरा म्हणजे पाटील, बाळंक्या म्हणजे पाटलाकडं उतरलेला दूरचा पाहुणा, आणि शेवेरा म्हणजे वाटणीच्या भांडणात हाकलून दिलेला भाऊबंद.

हे त्याला शिकवलं कुणी? कुणीच नाही. मिसरूड फुटायच्या वयात तो बापासोबत पिंपळदरीच्या यात्रेला गेला होता. तिथं पंचात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, बहुतेक पान खाऊन तोंड मोकळं झालं म्हणून, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पोराला नजर हाय." झालं. तेवढ्या तीन शब्दांवर या माणसानं आयुष्य काढलं. म्हातारा घरी जाऊन विसरला असेल. भुजंग विसरला नाही आणि धोंडवाडीलाही विसरू दिलं नाही.

कुणाकडं नवं जनावर आलं की हा न बोलावता हजर. आधी लांबून बघायचं, डोळे बारीक करून. मग जवळ जाऊन कान ओढायचा, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून हात फिरवायचा, शेपूट उचलायची, खूर खरवडायचा. मालक उभाच. शेवटी भुजंग म्हणायचा, "हूं." या हूंचे तीन प्रकार होते आणि तिन्ही वाईट होते. एक हूं म्हणजे फसलास. दुसरा हूं म्हणजे फसलास, पण तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. तिसरा हूं म्हणजे जनावर बरं आहे, पण तुझ्या दावणीला शोभत नाही.

पिकांचंही तेच. ज्वारी ही, ज्वारी ती, हायब्रीटला तर तो ज्वारी म्हणायलाच तयार नाही. रानात पेरलं ते पीक आणि न पेरता आलं ते तण, हा त्याचा कायदा. एकदा दुपारी जेवायला बसला होता. ताटात भाकरी, ठेचा आणि हिरवी भाजी. भाजी दोनदा वाढून घेतली आणि तोंडात घास असतानाच सुरू झाला.

"सोयाबीनमधी घोळ लई पसरलीय. उद्या बाया लावून उपटून टाक सगळी. तणाला रानात जागा न्हाई."

"अन् ताटात?" साखराबाईनं विचारलं.

"म्हंजी?"

"घोळच हाय ती. दोनदा घेतलाव की."

भुजंगनं ताटाकडं पाहिलं. घास गिळला. मग शांतपणे म्हणाला, "शिजली की भाजी. रानात हाय तवर तण." आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली.

साखराबाई ही त्याची बायको. ओढ्याच्या अलीकडची, कंधारच्या बाजूची. लग्नात बापानं तिच्यासोबत एक लाल गाय दिली. नवी नवरी उंबऱ्यातून आत आली आणि तिची गाय अंगणातल्या कडुलिंबाखाली गेली. गोठ्यात असली, लिंबाखाली गावठी. लाल कंधारीही मोठ्या नावाची जात आहे, तिलाही माणसं लांबून न्यायला येतात, पण भुजंगच्या लेखी ओढ्याच्या अलीकडं जनावरच पैदा होत नव्हतं. त्या लाल गाईच्या लेकीची लेक आजही लिंबाखालीच आहे. गंमत अशी, की भुजंगचं शेत आजवर नांगरलं ते त्या लिंबाखालच्या गाईंच्या पोटी आलेल्या लाल बैलांनी. गोठ्यातल्या पांढऱ्यांसोबत तो फोटो काढायचा. गोठ्यात फरशी, गोठ्यात पंखा, डासांना जाळी. लिंबाखाली लिंब.

पोरीच्या लग्नातही यानं आधी स्थळाचा गोठा पाहिला. गीतांजली, एकुलती एक लेक, नांदेडला कॉलेज शिकलेली. स्थळ आलं अर्धापूरचं. पोरगा शिवम, केळीची बाग, बंगला, घराणं चांगलं. सगळे दिवाणखान्यात बसले आणि भुजंग मागच्या दारानं गोठ्यात. तिथं जर्शी गायी. तो आला तो तोंड कडू करून.

"काय झालं, दाजी?" साखराबाईच्या भावानं, व्यंकटीनं विचारलं.

"खानदान न्हाई ह्या घराला."

"कुणाला न्हाई? पोराचा आजा सरपंच होता."

"आज्याचं ऱ्हाऊ दे. वशिंड न्हाई एकाही गाईला."

लग्न झालंच, कारण साखराबाईनं ठरवलं होतं. पण आजही लेकीकडं गेला की भुजंग कोरा चहा पितो. जर्शीचं दूध त्याला चालत नाही. लोकांना सांगतो, पोट बरं नाही.

"अण्णा, दरवेळेला कसं काय वो पोट बिघडतंय तुमचं अर्धापुरातच?" गीतांजली विचारते. "बरं, केळी तरी खावा. का केळीची बी जात बगायची?"

"कुठली हाय?"

"टिशू कल्चरची."

"ऱ्हाऊ दे मग."

असा हा माणूस. आता त्याच्या चंद्रीकडं येऊ.

चंद्री ही त्याच्या बापाच्या गाईच्या वंशातली, वानेरा. गाय खरोखर चांगली होती, हे त्याच्या दुश्मनानंही कबूल केलं असतं. मोठे पाणीदार डोळे, तोंडाला दोन्ही बाजूंनी काळं, बाकी अंग कापसासारखं. ती माजावर आली तेव्हा भुजंगनं तीन गावं पालथी घातली. या वळूचा कान आखूड, त्या वळूचं शिंग मागं, त्याच्या मालकाचंच तोंड आवडलं नाही. शेवटी देवणीच्या पलीकडून एक वानेरा वळू टेम्पोत घालून आणला. पाहुण्याला नसेल केला असा पाहुणचार त्या वळूचा केला. गाय भरली, गाभण राहिली. साऱ्या धोंडवाडीला ठाऊक, भुजंगच्या गोठ्यात वानेऱ्याच्या पोटी वानेरा येणार.

चंद्री व्यायली. साखराबाईनं वासराचं तोंड पुसलं, अंग पुसलं, पुन्हा पुसलं. ठिपके पुसले जाईनात. मानेवर ठिपके, पाठीवर ठिपके, मांडीवर हाताच्या पंजाएवढा डाग. शेवेरा गोऱ्हा. ठणठणीत, उभा राहायला धडपडणारा, आईचं थान हुडकणारा.

भुजंग दारातच थबकला. "हे काय हाय?"

"वासरू हाय. दुसरं काय आसतंय?"

"हे आपल्या चंद्रीचं न्हाई."

"मग मी आणून ठिवले का हितं पदराखाली? माझ्या डोळ्यादेखत आलंय बाहीर."

आमच्याकडं गाय व्यायली की चार घरी खरवस जातो. वाटी परत येते ती रिकामी येत नाही, तिच्यात गुळाचा खडा असतो. भुजंगनं त्या वेळी खरवस वाटू दिला नाही. "कशाचा खरवस? फजितीचा?" म्हणाला. गावाला न कळवून चालतं का? धोंडवाडीत खरवस आला नाही, हीच बातमी झाली. वासराच्या कपाळाला हळदकुंकूही लागलं नाही. ते तसंच कोऱ्या कपाळानं हुंदडत राहिलं, त्याला कुठं ठाऊक आपला कप्पा कोणता.

पुढं दूध सुटल्यावर व्यंकटी बहिणीकडं आला होता. भुजंगनं गोऱ्ह्याचा कासरा त्याच्या हातात दिला.

"हे घिऊन जा. तुमच्या लाल गाढवांत सोड."

"दाजी, चांगला हाय की वो गोऱ्हा. छाती बगा."

"तुला छाती दिसतीय, मला जात दिसतीय. ने म्हणलं ना."

व्यंकटीनं नेला. साखराबाई ओढ्यापर्यंत सोबत गेली आणि तिथं, भुजंगच्या नजरेआड, तिनं वासराच्या कपाळाला बोटभर हळद लावली. भुजंगनं त्यानंतर त्या जनावराचं नाव काढलं नाही. सासुरवाडीला गेला तरी मागच्या गोठ्याकडं पाठ करून बसायचा. लाल जनावरं बघून त्याचे डोळे दुखतात म्हणे.

पुढच्या खेपेला त्यानं तोच वळू पुन्हा आणला, कारण वळूत खोट काढायची म्हणजे स्वतःच्या निवडीत काढायची. या वेळी कालवड झाली. पांढरीशुभ्र, तोंडाला दोन्ही बाजूंनी काळं. वानेरा. तिचं नाव रुपी. खरवस एवढा वाटला की दोन घरांनी परत पाठवला. भुजंग मिशीला तेल लावून गावभर हिंडला, जणू कालवड त्यालाच झाली होती.

रुपी मोठी झाली आणि पिंपळदरीच्या यात्रेतलं जनावरांचं प्रदर्शन जवळ आलं. यात्रा कमिटीचे हनुमंतराव भुजंगला ओळखून होते. बाजारात गाठ पडली तेव्हा म्हणाले, "भुजंगराव, आणा कालवड. औंदा समद्या मैदानात पैल्या नंबरात तुमचं जनावर आलं, तर पुढच्या साली तुमालाच पंचात घेऊ. तुमच्यासारखा नजरेचा माणूस पायजे कमिटीला."

हनुमंतराव असं बऱ्याच जणांना म्हणतात. पण भुजंगच्या अंगावर काटा आला. पंचाची खुर्ची! आयुष्यभर त्यानं कुणी न विचारता निकाल दिले होते. एकदा कुणीतरी विचारावं, फेटा बांधून, खुर्ची देऊन, माईकवर नाव घेऊन विचारावं, एवढंच त्याचं मागणं होतं. घरी येऊन त्यानं साखराबाईला सांगितलं आणि त्या दिवसापासून रुपीला घरच्या सुनेसारखं ठेवलं. तेल, घुंगरू, शिंगांना पॉलिश. गावातला जो भेटेल त्याला म्हणायचा, "पुढच्या साली जनावर आणताव का पिंपळदरीला? आणा, आणा. बगू आपण." तो "आपण" ऐकून माणसं गल्ली बदलायची.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांपुढं गोल रिंगण. पंच म्हणून पशुवैद्यकीय कॉलेजातून सुकन्या मॅडम आल्या होत्या. तरुण, पायात गमबूट, केस वर बांधलेले. भुजंगनं साखराबाईच्या कानात म्हटलं, "ही पोरगी काय निकाल देणार? हिनं गाय पुस्तकात बगितली आसंल."

"तुमी कशात बगितली?" साखराबाई म्हणाली. तिच्या हातात रुपीचा कासरा होता.

कालवडींत रुपी पहिली आली. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि हसून मान हलवली. भुजंगला घाम फुटला, आनंदानं. आता फक्त शेवटची फेरी, साऱ्या गटांतल्या पहिल्या जनावरांतून एक. रिंगणात रुपी उभी, आणि तिच्या शेजारी वळूंच्या गटातला पहिला.

तो वळू बघून मांडवातली माणसं बोलायची थांबली. गळ्याची पोळी गुडघ्यापर्यंत, वशिंड ओंजळीत न मावणारं, चाल अशी की मातीनं बाजूला व्हावं. आणि अंगभर काळे ठिपके. कासरा एका म्हाताऱ्या गड्याच्या हातात होता, मालक भजी खायला गेला होता.

भुजंगनं एकदा वळूकडं पाहिलं, एकदा पंचाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं. आणि उठला.

"ह्याला आत कुणी घेतलं?" तो ओरडला. "हा देवणी न्हाई!"

"भुजंगराव, हळू," हनुमंतराव घाईनं आले. "माईक चालू हाय."

"आसू द्या की चालू! ऐकू द्या समद्यांला. भेसळ हाय हा. ठिपके बगा की, धड एका जागी तरी हायत का? ह्याच्या बापाचं ऱ्हाऊ द्या, ह्याच्या आईचंच काही खरं न्हाई. दावं तोडून हिंडलेली आसंल कुठंतरी. मी सांगतो, आई बगा! आई दाखवा म्हणावं मालकाला, अन् मग द्या बक्षीस!"

माणसं हसली. असल्या बोलण्याला यात्रेत माणसं हसतातच. भुजंगला वाटलं, आपल्या बाजूनं हसली.

"मालक कोण आहे?" सुकन्या मॅडमनी विचारलं.

"मी हाय, मी हाय." व्यंकटी गर्दीतून आला, तेलकट हात धोतराला पुसत. समोर मेहुणा बघून थबकला. "दाजी? तुमी कामून वरडायलाव?"

"हा तुझा हाय? लाल गाढवं सोडून हे कुठून आणलास? कुठल्या बाजारात फसलास रं?" भुजंगला आता चेव आला होता. "ह्याची आई कोण, सांग माईकवर."

 व्यंकटी आधी भुजंगकडं आणि मग रिंगणाच्या कडेला कासरा धरून उभ्या असलेल्या आपल्या बहिणीकडं बघत राहिला. साखराबाईनं वळूच्या मांडीवरचा पंजाएवढा डाग केव्हाच पाहिला होता. ती दोन पावलं पुढं आली.

"सांग की रं व्यंकटी. का मी सांगू?"

"अक्का, तूच सांग. दाजी मला मारतेल."

साखराबाईनं पदर नीट केला. "ह्याची आई चंद्री, ह्या रुपीची बी तीच. आमच्याच दावणीची. ह्येनी माझ्यादेखत ह्याचा कासरा व्यंकटीच्या हातात दिले, अन् आता म्हणायलेत, आई दावं तोडून हिंडली. मी बांधत होते तिला रोज, माझ्या हातानं. कुठं हिंडली ती, इचारा."

माईक चालू होता. पिंपळदरीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं.

या वेळेला जे हसू उठलं ते भुजंगच्या बाजूनं नव्हतं, हे त्यालाही कळलं. वीतभर खूर बघून वंश सांगणारा माणूस, त्याला आपल्या गाईचं पोटचं वासरू ओळखू आलं नाही.

सुकन्या मॅडमनी हसू आवरलं. पोरगी समजूतदार होती. "काका, असं होतं," ती म्हणाली. "वानेरा, बाळंक्या, शेवेरा हे देवणीचेच तीन रंग. एकाच गाईच्या पोटी आज एक येईल, उद्या दुसरा. त्यात गाईचा दोष नाही, वळूचा नाही आणि भेसळही नाही. मला तर उलट तुमचं कौतुक वाटतं. आज मैदानातली सगळ्यात चांगली दोन जनावरं एकाच आईची, आणि ती आई तुमच्या गोठ्यात आहे. तुमचा आक्षेप मागं घ्या, एवढंच. आपण पुढं जाऊ."

बघा, दार उघडं होतं. आत खुर्ची होती, फेटा होता, साऱ्या मैदानात आपल्या गाईचा डंका होता. नुसतं "चुकलं बाई" म्हणायचं होतं. धोंडवाडीतलं शेंबडं पोरही म्हणालं असतं.

भुजंग म्हणाला, "माझी नजर चुकत न्हाई."

"म्हणजे?"

"वळू भेसळ हाय."

"काका, मग त्याची आईही भेसळ म्हणावी लागेल."

भुजंगनं मिशी पिळली. "हाय."

"आणि मग ही कालवड?"

 रुपी शेपटीनं माशा हाणत होती. हनुमंतरावांनी खाली मान घालून हळूच म्हटलं, "भुजंगराव, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा." साखराबाई नवऱ्याकडं बघत होती, पापणी न हलवता.

"ती बी," भुजंग म्हणाला.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "मला ही दोन्ही असली दिसतात. पण ज्या कालवडीचा मालकच माईकवर तिला भेसळ म्हणतो, तिला मी नंबर कसा देऊ?"

रुपी रिंगणाबाहेर आली. वळू पहिला आला. व्यंकटीला फेटा बांधला, तो त्याच्या डोळ्यांवर आला. हनुमंतराव त्याला म्हणाले, "पुढच्या साली पंचात बसा."

"जेवण आसतंय का?" व्यंकटीनं विचारलं.

"आसतंय की."

"मग बसतो."

टेम्पोत मागं रुपी, पुढं ड्रायव्हरच्या शेजारी नवरा-बायको. सबंध रस्ता साखराबाई बोलली नाही. भुजंगला वाटलं, बाई निवली. घरी उतरताच त्यानं हुकूम सोडला, "चंद्री अन् रुपी, दोन्ही लिंबाखाली बांध. भेसळ जनावर माझ्या गोठ्यात नको."

"बरं," साखराबाई म्हणाली.

त्या "बरं"ला त्यानं घाबरायला हवं होतं. तिनं चंद्रीला सोडलं, रुपीला सोडलं, लिंबाखाली लाल गाईच्या शेजारी दोघींना बांधलं, पुढ्यात कडबा टाकला. मग गोठा झाडला, फरशी धुतली, पंखा पुसला. आणि ओसरीतून भुजंगची बाज उचलून गोठ्यात नेऊन टाकली, वर घडी केलेलं कांबळं.

"हे काय करायलीस?"

"गोठा असलीसाठी हाय म्हणलाव की. ह्या घरात असली आता तुमी एकलेच ऱ्हायलाव. मी गावठी, माझी गाय गावठी, तुमची गाय बी गावठी झाली. आमी बसतो बाहीर. तुमी झोपा आत. पंखा हाय, जाळी हाय."

माणसाला एवढ्यावर लाज वाटते. भुजंगला ताठा आला. तो खरोखर गोठ्यात झोपला, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. धोंडवाडीतली माणसं काही ना काही निमित्त काढून यायची. दारातून डोकवायची. कुणी लांबून डोळे बारीक करून बघायचा. एक जण तर म्हणाला, "साखराबाई, वानेरा हाय का बाळंक्या?" ती म्हणाली, "बगा की तुमीच. शेपूट उचलू नका फक्त, रागीट हाय."

मग एक दिवस जनावरांचा व्यापारी आला. बातमी त्याच्या कानावर गेली होतीच. तो थेट लिंबाखाली गेला, चंद्रीचा कान ओढला, तोंड उघडून दात पाहिले.

"बाई, देऊन टाकताव का? गावठीच्या भावानं नेतो."

"गावठी कुणी सांगितलं?"

"तुमच्या मालकानंच, माईकवर. आमी काय पदरचं बोलायलाव का? असल्या भाकड—"

तेवढ्यात गोठ्याचं दार आपटलं. भुजंग उघड्या अंगानं बाहेर आला, केसात कडब्याचं तूस.

"ए! हात काढ! हात काढ तिच्या कानावरनं! गावठी? तुझ्या सात पिढ्यांनी बगितली होती का रं आसली गाय? डोळा बग तिचा! माझ्या बापाच्या गाईची नात हाय ती. गावठीच्या भावानं म्हणे! ऊठ, नीघ हितनं!"

व्यापारी गडबडीनं चपला हातात घेऊनच निघाला. अंगणात दोघंच राहिले. साखराबाईनं कमरेवर हात ठेवले.

"म्हंजी असली हाय?"

भुजंगनं तिच्याकडं न बघता चंद्रीचा कान चोळला, व्यापाऱ्यानं ओढला होता तो. "गाय असली हाय. मी कवा न्हाई म्हणलो? खोट त्या वळूच्या बापात आसंल."

"बाप तुमीच आणलाव, टेम्पोत घालून. रुपीचा बी तोच हाय."

भुजंग कान चोळतच राहिला. चंद्री रवंथ करत होती.

"आत बांधू का दोघींना?"

"बांध."

"अन् व्यंकटीचा वळू? तो कोण?"

त्यानं बराच वेळ लिंबाकडं पाहिलं, मग ओढ्याकडं. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "शेवेरा हाय."

"देवणी का न्हाई, ते इचारले मी."

"शेवेरा हाय म्हणलं ना. शेवेरा कशाचा आसतो मग? म्हशीचा का?"

याहून जास्त या माणसाच्या तोंडून निघणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं गाठी सोडल्या, चंद्री आणि रुपीला आत नेलं. मागोमाग लाल गाईलाही नेलं. तीन दावी, तीन जनावरं, गोठा भरला. बाज तिनं उचलून बाहेर आणली आणि ती लिंबाखाली ठेवली.

"ही लाल कामून आत नेलीस?" भुजंगनं विचारलं.

"जागा होती."

"मग मी?"

"लिंब मोकळा झाला की."

तो बाजेवर बसला. समोर खुंट्याला लाल बैल बांधला होता, त्याच्या शेताचा नांगर ओढणारा, ज्याच्याकडं त्यानं इतक्या वर्षांत कधी धड पाहिलं नव्हतं. आता दुसरं बघायला काहीच नव्हतं. त्यानं डोळे बारीक केले. शिंग पाहिलं, कान पाहिला. उठून जवळ गेला, गळ्याच्या पोळीवरून हात फिरवला. बैलानं फुरफुर केलं.

"हूं," भुजंग म्हणाला.

तो कितवा हूं होता ते साखराबाईनं विचारलं नाही. तिला भाकरी थापायच्या होत्या, आणि घोळ निवडायची राहिली होती.